मुक्ताबाईच्या वाफ्यासाठी

मळवली स्टेशनाच्या खालच्या अंगाला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रोपवाटिका आहे. तिथं गुलाबाची कलमं तयार होतात आणि लोणावळ्यापासून तळेगावापर्यंतच्या बंगल्यांच्या बागांत जातात. सुवार्ता भांबळ ही बाई गेली कित्येक वर्षं त्या रोपवाटिकेत डोळे भरते. डोळा भरायचा म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चाकूनं उभी-आडवी चिरायची, ती हलक्या हातानं उचलून आत चांगल्या गुलाबाचा एक डोळा सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. डोळा हिरवा राहिला आणि फुगला की कलम जगलं, काळा पडला की गेलं. मधलं काही नसतं.

सुवार्ताचं माहेर नगरकडचं. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते, आई घरी शिवण करायची. रविवारी उपासनेच्या आधी मुलांची शब्बाथशाळा भरे. तिथं एकदा बायबलमधल्या वचनांच्या पाठांतराची स्पर्धा झाली आणि सुवार्ता पहिली आली. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. दुसरी आलेली मुलगी कोपऱ्यात रडत होती. घरी जाताना आईनं सुवार्ताला वाटेतून माघारी फिरवलं आणि पेटी त्या मुलीला द्यायला लावली. प्रभूच्या घरात पहिलीबिहिली कुणी नसतं, मागं राहायला शीक, असं आई म्हणाली. आई मायाळू होती, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सुवार्तानं त्यातून इतकंच घेतलं की आपण पुढं गेलो तर कुणाचं तरी काहीतरी हिसकावलं जातं. पुढं शाळेत, मग महिला मंडळात, ती प्रत्येक ठिकाणी एक पाऊल मागंच उभी राहायची आणि लोक तिला गुणी म्हणायचे.

लग्न होऊन ती मळवलीला आली. नवरा संदेश तिथल्या एका बंगल्याची राखण करतो. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. मुंबईचे मालक शनिवार-रविवारी येणार, बाकीचे दिवस बाग, मोटार आणि किल्ल्या संदेशच्या ताब्यात. त्यांची मुलगी प्रेरणा मोठ्या शाळेत जायला लागली तशी सुवार्ताला दिवस खायला उठला, आणि ती रोपवाटिकेत कामाला लागली.

रोपवाटिकेचे मालक त्र्यंबकराव. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला. ते लोणावळ्याला राहतात आणि दिवसाआड येऊन जातात. जमीन मात्र त्यांची नाही, गावातल्या मुक्ताबाईच्या घरची. पूर्वी तिथं भाताची खाचरं होती. मुक्ताबाईच्या दिरानं आणि मुलानं मिळून ती करारानं दिली. मुलगा निलेश तळेगावच्या कारखान्यात कायम झालेला, घरात सून आलेली. मुक्ताबाईला कामाची गरज नव्हती. पण आपल्या रानात दुसरं कुणी राबतंय आणि आपण ओट्यावर बसून बघायचं हे तिला जमेना. पहिल्याच हिवाळ्यात ती हजेरीवर आली, चाकू धरायला शिकली आणि दोन वर्षांत सगळ्यांच्या पुढं गेली. आपल्याच रानात मजुरीला जाते म्हणून गावातल्या बायका कुजबुजल्या. तिनं लक्ष दिलं नाही.

सुवार्ताला डोळा भरायला शिकवलं ते या मुक्ताबाईनंच. अंगठा कुठं ठेवायचा, सालीत चाकूचं टोक किती शिरू द्यायचं, पट्टी कुठून सुरू करायची, सगळं. बाई उंच, काटक, सुवार्ताहून दहाएक वर्षांनी मोठी. तिच्याबरोबर काम करायचं म्हणजे चुरस आलीच. वाफ्यातल्या कुंड्यांची ओळ वाटून घ्यायची, ओळीच्या टोकाला आपल्या नावाची पाटी रोवायची, आणि डोळे फुगायला लागले की कुणाचे किती जगले ते मोठ्यानं मोजायचं. मुक्ताबाई हे सगळं मनापासून करायची. हरलेल्या बाईला चिडवायची, आणि मग तिच्याशेजारी बसून तिचं कुठं चुकलं तेही दाखवायची.

पाचसहा हिवाळे गेले. एक दिवस सुवार्ताच्या लक्षात आलं की आपला हात मुक्ताबाईच्या पुढं गेला आहे. हे कुणी सांगावं लागत नाही, बोटांनाच कळतं. साल एका फटक्यात उचलली जात होती, डोळा बसताना कुठं अडत नव्हता. तिला आनंद झाला, आणि लगोलग भीतीही वाटली. मग तिनं आपल्याला माहीत असलेला एकच उपाय केला. ती मागं राहायला लागली. मधेच पाणी प्यायला उठायची, चाकूला धार असताना पुन्हा लावत बसायची. ज्यांच्यावरचे डोळे काढून भरायचे त्या गुलाबाच्या काड्या वाटताना जाड, रसरशीत काड्या मुक्ताबाईच्या बाजूला सारायची आणि बारक्या, वाळत आलेल्या आपल्याकडे ठेवायची. बारक्या काडीचे डोळे जास्त मरतात. त्यामुळे मोजणीत मुक्ताबाई पहिली यायची, खूश व्हायची, आणि सुवार्ताला वाटायचं, आपण कुणाला न सांगता एक चांगलं काम करतोय.

हे असं सलग दोन हिवाळे चाललं. मग एकदा मुक्ताबाईचं बोट कापलं. चांगलंच खोल कापलं होतं, चिंधी बांधून ती काम करत होती. संध्याकाळी तिनं दोघींच्या ओळी पाहिल्या, भरलेल्या कुंड्या मोजल्या. नेहमीसारखं चिडवणं नाही, हसणं नाही. बाकीच्या बाया हातपाय धुवायला गेल्यावर ती सुवार्ताजवळ आली.

"सुवार्ते, आज आर्द्या हातानं काम केलंय मी," ती म्हणाली. "तरी तुज्या कुंड्या माज्यापेक्षा कमी कशा?"

सुवार्ता म्हणाली, "तुमचा हातच चांगला आहे, मावशी."

"खोटं नको बोलू. हात कुनाचा चांगला हाय ते मला दिसतंय. जाड काड्या माज्याकडं सारतीस ते बी आता ध्येनात आलं." तिचा आवाज चढला नव्हता. "दोन वर्सं मी घरी जाऊन निलेशला सांगत व्हते, आजून माजाच हात पयला म्हनून. तू मला भीक घालत व्हतीस व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून मुक्ताबाई शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बोलणं बंद. सुवार्ताला फार लागलं. आपण एवढं सोसलं, वर हीच बाई आपल्यावर रुसते, हे तिला समजेना. तिनं घरी संदेशला सांगितलं. संदेश म्हणाला, "मी कॅरममध्ये मुद्दाम सोंगटी सोडली की तू बोर्ड उधळून देतेस. तसंच आहे हे." एवढं बोलून तो पाण्याची मोटार लावायला गेला.

पुढच्या रविवारी लोणावळ्याच्या चर्चमध्ये उपासना झाल्यावर ती मागं थांबली. तिथले पाळक अमोलिक म्हणून आहेत. वयानं तिच्याहून लहान, बोलायला सरळ. ते खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होते. तीही मदतीला लागली आणि खुर्च्या लावता लावता सगळं सांगून टाकलं. आईची शिकवण, कंपासपेटी, काड्या, मुक्ताबाईचा राग, काही राखून ठेवलं नाही.

पाळकांनी विचारलं, "बारक्या काड्यांमुळे तुमची किती कलमं मेली?"

"मेली बरीच."

"म्हणजे मालकाची रोपं गेली, खुंट फुकट गेले. आणि मुक्ताबाईंना दोन वर्षं खोटं कौतुक मिळालं. तुमच्या नम्रतेचा फायदा झाला तरी कुणाला?"

सुवार्तानं हातातली खुर्ची भिंतीशी लावली. फायदा तिचा स्वतःचा झाला होता. आपण किती चांगल्या आहोत, हे तिला रोज संध्याकाळी वाटत होतं.

पाळकांनी तिच्या आईला नावं ठेवली नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या आईनं बक्षीस देऊन टाकायला शिकवलं, ते ठीकच आहे. बक्षीस देता येतं, ताई. मेहनत चोरून काही देता येत नाही. देवानं हात दिले ते अर्धे वापरायला नाहीत दिले. आणि मुक्ताबाईंना तुम्ही शेजारी मानत असाल, तर त्यांच्यासमोर पूर्ण जोरानं उभं राहणं हाच त्यांचा मान आहे."

"आणि पुढं गेले, आणि पुढं राहायचीच चटक लागली तर?"

"लागेलच," ते म्हणाले. "मला व्हॉलीबॉलमध्ये लागते. म्हणून एक करा. रोज कामाला जाताना तुमच्या वाफ्यासाठी प्रार्थना करता ना, तशी मुक्ताबाईंच्या वाफ्यासाठीही करा, नाव घेऊन. त्यांची सगळी कलमं जगावीत म्हणून. ज्या दिवशी ती प्रार्थना तोंडातून निघणार नाही, त्या दिवशी समजा काहीतरी बिघडलंय. मग माझ्याकडे या."

सोमवारी सुवार्ता काड्यांची जुडी घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला गेली. मुक्ताबाईसमोर बसून तिनं जाड-बारीक सगळ्या काड्या सारख्या वाटल्या. चुकलं म्हणाली. मुक्ताबाईनं वाटणी नीट पाहिली, आपल्या वाट्यातली एक काडी उचलून सुवार्ताच्या वाट्यात टाकली आणि चाकू हातात घेतला. त्या दिवशी सुवार्ता दोन वर्षांत प्रथमच हातचं न राखता काम करत होती. तीन आठवड्यांनी मोजणी झाली तेव्हा तिची ओळ मुक्ताबाईच्या ओळीच्या पुष्कळ पुढं होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच येऊन मुक्ताबाईनं दगडावर चाकू घासायला घेतला. सुवार्ता आल्यावर म्हणाली, "तुजी चीर बारीक असती. माजी लांब जाती. दाव बरं परत."

तिथून पुढचे हिवाळे दोघींना चांगले गेले. मुक्ताबाईनं चीर आखूड केली. सुवार्तानं तिची पट्टी गुंडाळायची पद्धत उचलली. ती बाई अंगठ्यानं असा काही ताण देते की पट्टीत पाण्याचा थेंब शिरत नाही. कधी ही पुढं, कधी ती. मरणारी कलमं कमी झाली तसे त्र्यंबकराव शेडमध्ये कमी येऊ लागले, गिऱ्हाइकांच्या मागं जास्त लागले. सुवार्ता रोज सकाळी बंगल्यापासून रोपवाटिकेपर्यंतच्या वाटेवर प्रार्थना करायची, आपल्या वाफ्यासाठी आणि मुक्ताबाईच्या वाफ्यासाठी. एकदा मुक्ताबाईनं ती पुटपुट ऐकली आणि काय म्हणतेस म्हणून विचारलं. सुवार्तानं सांगितलं. मुक्ताबाई म्हणाली, "बरं. मंगळवारी मी कार्ल्याला जानार हाय. एकवीराआईला तुजं बी नाव सांगीन. पर माजं सांगून झाल्यावर."

दोन वर्षांपूर्वी नर्सरीवाल्यांच्या संघटनेनं तळेगावात फुलांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि त्यात कलमांची स्पर्धा ठेवली. प्रत्येक स्पर्धकानं स्वतःच्या हातानं भरलेल्या कुंड्यांचा एक ट्रे आणायचा. किती डोळे जगले, जोड कसा बसला, हे बघून परीक्षक नंबर काढणार. त्र्यंबकरावांनी दोघींची नावं दिली. दोघींनी ओळी भरल्या, पाट्या रोवल्या.

आतापर्यंत चुरस दोघींच्यातच होती. शेडच्या बाहेर तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. आता व्यासपीठ येणार होतं, प्रशस्तिपत्र येणार होतं. प्रेरणा तोपर्यंत पुण्यात एका दवाखान्यात नर्स झाली होती. ती फोनवर म्हणाली, आई, तुझा फोटो आला की मी वॉर्डात सगळ्यांना दाखवणार. सुवार्ताच्या मनात तो फोटो घर करून बसला. ती भांडी घासताना त्यात कोणती साडी नेसायची ते ठरवू लागली. सकाळची प्रार्थना हळूहळू आखूड झाली. आधी मुक्ताबाईचं नाव घाईघाईत यायचं, मग एखाद्या दिवशी राहूनच जायचं. वाट संपली, एवढंच तिला त्याचं कारण वाटायचं.

अशात एक दिवस मुक्ताबाई कामाला आली नव्हती. पवनानगरला तिच्या बहिणीच्या घरी बारसं होतं. त्र्यंबकराव लोणावळ्याला होते, बाकीच्या बाया जेवायला घरी गेल्या होत्या. दुपारी वारा सुटला. सुवार्ता डबा उघडून बसली होती. समोर बघते तर वाफ्यावरची हिरवी जाळी एका टोकानं तारेवरून सुटली होती आणि मुक्ताबाईच्या ओळीवर सरळ ऊन पडलं होतं. डोळे भरून जेमतेम आठवडा झाला होता. अशा कोवळ्या जोडावर दुपारचं ऊन पडलं की डोळा सुकतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं ते पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला. जेवता जेवता ती स्वतःला समजावत राहिली, की येईल कुणीतरी, की जाळी बांधायची ती माणसं वेगळी आहेत, की एवढ्यानं काही होत नाही. डबा संपला. तिनं तो नळावर नेऊन घासला, पुसला, पिशवीत ठेवला. त्यानंतर ती वाफ्याकडे वळली. मग मात्र धावली. जाळी ओढून तारेला बांधली, कुंड्यांवर झारीनं पाणी शिंपडलं, गोणपाट ओलं करून आडोसा केला. हात भराभर चालत होते आणि उशीर झाला आहे हेही दिसत होतं. तिच्या स्वतःच्या ओळीवर सावली होती. तिला काही झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी परतताना तिनं प्रार्थना करायचा प्रयत्न केला. मुक्ताबाईचं नाव जिभेवर येईना. पाळकांनी सांगितलेला दिवस हाच, हे तिला कळलं. पण रविवारपर्यंत थांबावं आणि आधी पाळकांना सांगावं, हे तिला पटलं नाही. ज्या बाईचं नुकसान झालं, तिला सोडून दुसऱ्याला आधी सांगण्यात पळवाट होती. रात्री तिनं संदेशलाही काही सांगितलं नाही.

सकाळी मुक्ताबाई बारशाचे पेढे घेऊन आली. सुवार्तानं पेढा हातात घेतला नाही. म्हणाली, "मावशी, आधी ऐका. काल जाळी सुटली होती, तुमच्या ओळीवर ऊन आलं. मी ते पाहिलं. पाहूनसुद्धा मी डबा खाल्ला, मग उठले."

मुक्ताबाईनं पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवला. ओळीपाशी जाऊन बसली, एकेक कुंडी हातात घेऊन पाहिली. बऱ्याच डोळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. बघून झाल्यावर तिनं विचारलं, "डबा सगळा खाल्लास?"

"हो. सगळा."

मुक्ताबाईनं हातातली कुंडी खाली ठेवली, मातीचे हात झटकले. मग म्हणाली, "मला राग लय आलाय. पर मी बघत व्हते, तुज्या जागी मी आसते तर उटले आसते का. ते काय मला छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई."

सुवार्ता म्हणाली, "मी माझं नाव मागं घेते. तुम्ही जा स्पर्धेला."

तेव्हा मात्र मुक्ताबाई खरी संतापली. "परत तेच. तुला दोनच गोष्टी येत्यात. एक तर मागं बसायचं, न्हाई तर ह्ये आसं. तू बाजूला झालीस आन् मी पयली आले, तर त्या पयलीचा मला काय उपेग? मी कुनाला हरवलं म्हनायचं, मोकळ्या खुर्चीला?"

सुवार्ता रडत होती. मुक्ताबाईनं तिला रडू दिलं. नंतर म्हणाली, "आजून टायम हाय. मी माजी ओळ नव्यानं भरते."

"मग मीही भरते."

"तुजी चांगली हाय की."

"ती विकायला जाऊ दे. मी नवीन भरते, तुमच्याबरोबर."

मुक्ताबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. ही पुन्हा आपल्याला भीक घालते आहे की काय, ते ती पारखत असावी. मग तिला पटलं. "चल तर," ती म्हणाली, "खुंट घेऊन ये. काड्या मी वाटनार."

त्र्यंबकरावांना हे आवडलं नाही. एक ओळ तयार असताना ती बाजूला का ठेवायची, हे त्यांना उमगेना, आणि दोघींनीही त्यांना कारण सांगितलं नाही. शेवटी ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. दिवस मोजकेच उरले होते. त्या दिवसांत मुक्ताबाईनं माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. फक्त रोज दुपारी डबे उघडायच्या आधी ती सुवार्ताला म्हणायची, "आदी जाळी बघून ये." सुवार्ता उठायची, दोन्ही ओळींवरची जाळी हातानं ओढून बघायची आणि मग जेवायला बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मुक्ताबाईनं तिच्या डब्यातली भाजी मागून घेतली. रविवारी सुवार्तानं पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मुक्ताबाईंची नवीन ओळ कशी आहे. चांगली आहे, ती म्हणाली, माझ्यापेक्षा चांगली दिसते. हे सांगताना आपल्याला जड गेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघी रोपवाटिकेच्या टेम्पोतून तळेगावला गेल्या. ट्रे मांडीवर धरून बसल्या होत्या. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यावर पंधरावीस जणांचे ट्रे. परीक्षक भिंग घेऊन फिरत होते. मुक्ताबाई प्रत्येक टेबलाशी जाऊन दुसऱ्यांचे जोड बघून आली आणि सुवार्ताच्या कानाशी लागून म्हणाली, आपल्यातलीच एक येती बघ पयली.

पण पहिला नंबर भलत्याचाच आला. श्रीयश नावाचा तळेगावचा मुलगा, शेतकी पदविका केलेला, स्वतःची छोटी नर्सरी चालवणारा. दुसरी मुक्ताबाई आणि तिसरी सुवार्ता.

मुक्ताबाईचं नाव पुकारलं तेव्हा सुवार्ताला टोचलं. खोटं कशाला सांगायचं. फोटोतली ती साडी तिनं नेसलेलीच होती. पण ते टोचणं आलं तसं सरलं, आणि मुक्ताबाई पदर सावरत व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागली तेव्हा सुवार्ता टाळ्या वाजवत उभी राहिली होती. आपण उभ्या आहोत हे तिला शेजारच्या बाईनं साडी ओढल्यावर कळलं. तिचं स्वतःचं नाव त्यानंतर पुकारलं गेलं. मुक्ताबाई खाली उतरलीच नाही, वरच थांबून राहिली. फोटोत दोघी एकत्र आहेत. प्रेरणानं तो वॉर्डात दाखवला.

समारंभ संपला. लोक चहाकडे वळले, आणि मुक्ताबाई सरळ श्रीयशच्या टेबलाकडे. तिनं त्याचा ट्रे उचलून डोळ्यांजवळ नेला. जोड तितके सरळ नव्हते, सुवार्ताचे त्याहून सरळ होते. पण एकही डोळा सुकलेला नव्हता.

"पोरा, ह्ये कसं केलंस?" तिनं विचारलं.

त्यानं काही लपवलं नाही. खिशातून एक पातळ, ताणली जाणारी पट्टी काढून दाखवली. या दोघी डोळा उघडा ठेवून पट्टी बांधायच्या. तो डोळ्यावरूनही गुंडाळतो. पट्टी इतकी पातळ की आतला कोंब ती फोडून वर येतो, आणि तोपर्यंत डोळ्याला ऊन-वारा लागत नाही. त्यानं तिथंच एका काडीवर गुंडाळून दाखवलं, मग मुक्ताबाईकडून करून घेतलं. सुवार्तानंही करून पाहिलं. पहिल्यांदा पट्टी तुटली, दुसऱ्यांदा जमली. मग श्रीयशनं सुवार्ताला विचारलं, की तुमची चीर इतकी आखूड कशी येते. तिनं त्याचाच चाकू घेऊन दाखवली. चहा तिघांचाही राहून गेला.

परतीच्या वाटेवर मुक्ताबाई टेम्पोवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्साला त्या पोराला घाम फोडायचा."

त्र्यंबकरावांनी थोडी कुरकुर करून ती पट्टी मागवली. पुढच्या हिवाळ्यात दोघींची इतकी कलमं जगली की कुंड्या ठेवायला शेडच्या बाहेर मांडव घालावा लागला. पण त्याच हिवाळ्यात मुक्ताबाईला दिसायला कमी यायला लागलं. चीर वाकडी जायला लागली. सुवार्ता पुढं राहिली आणि तिनं हात आखडता घेतला नाही. घेतला असता तर मुक्ताबाईला ते डोळ्यांनी नाही तरी मोजणीवरून कळलं असतं. मोतीबिंदू पिकला होता. निलेशनं आईला लोणावळ्याला नेऊन ऑपरेशन करून आणलं आणि डॉक्टरांनी काही आठवडे मातीत जायला मनाई केली.

ते आठवडे सुवार्तानं एकटीनं काढले. समोरची जागा रिकामी होती. नव्यानं आलेली झुंबरबाई अजून चाकू धरायलाच शिकत होती. काम चालू होतं, कलमं भरली जात होती, पण संध्याकाळी ओळ बघितली की सुवार्ताला त्यात ढिलाई दिसायची. पट्टी जरा सैल, चीर जरा लांब. त्र्यंबकरावांच्या ते ध्यानात आलं नाही. तिच्या आलं. दर दोन-तीन दिवसांनी ती मुक्ताबाईच्या घरी जायची, औषधाचे थेंब घातले का विचारायची, आणि मुक्ताबाई पहिला प्रश्न करायची तो वाफ्याचाच.

गेल्या माघात डॉक्टरांनी परवानगी दिली. काळा चष्मा लावून मुक्ताबाई शेडमध्ये आली, आपल्या जागेवर बसली. तिनं सुवार्ताची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखून पाहिली.

"ह्या खेपेला किती जगली?" तिनं विचारलं.

सुवार्तानं होता तो आकडा सांगितला.

"कमी हाईत," मुक्ताबाई म्हणाली, आणि चाकूसाठी हात पुढं केला.